साठेखताची नोंदणी सक्तीची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर रोज ज्या जाहीर नोटिसा छापून येतात, त्यांपैकी बऱ्याचशा जमिनीच्या खरेदीसंबंधीच्या असतात. त्यांचा मजकूर ठरलेला असतो : अमुक गट नंबरची, अमुक चतुःसीमांची मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजाविरहित असल्याचा भरवसा देऊन मालकाने ती आमच्या अशिलास कायम खरेदी देण्याचे कबूल केले आहे, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास त्याने सात दिवसांत लेखी पुराव्यानिशी कळवावे, अन्यथा तसा हक्क नाही आणि असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. ही नोटीस देणाऱ्या खरेदीदाराची प्रामाणिक समजूत अशी असते की सात दिवस उलटले, कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे आपण सुरक्षित झालो. ही समजूत चुकीची आहे. वृत्तपत्रातील नोटिशीला उत्तर न दिल्यामुळे कोणाचा हक्क बुडतो असे सांगणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही. अशी नोटीस खरेदीदाराने चौकशी केल्याचा एक पुरावा ठरते, त्याहून अधिक काही नाही. ज्याच्याजवळ त्याच जमिनीचे आधीचे साठेखत (विक्रीचा करार) आहे, तो माणूस वर्षभरानंतरही न्यायालयात येऊ शकतो, आणि येतो.

मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो. अशा दाव्यांत कधी पहिल्या खरेदीदारातर्फे, कधी दुसऱ्यातर्फे उभा राहिलो आहे, आणि म्हणूनच हे पत्र कोणा एका बाजूचे नाही. दाव्यांचा नमुना बहुतेक वेळा एकच असतो. मालक एकाशी साठेखत करतो, विसार घेतो, काही महिन्यांनी आणखी थोडा भरणा घेतो. खरेदीखत मात्र पुढे पुढे जात राहते. कधी वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनीची परवानगी आलेली नसते, कधी बहिणींच्या सह्या राहिलेल्या असतात, कधी मोजणी व्हायची असते. दरम्यान जमिनीचा भाव वाढतो आणि मालकाला दुसरे गिऱ्हाईक भेटते. तो त्याला नोंदणीकृत खरेदीखत करून देतो, सातबाऱ्यावर फेरफार होतो, आणि मग पहिला माणूस करारपूर्तीचा दावा दाखल करून मालक व नवा खरेदीदार या दोघांनाही प्रतिवादी करतो. दोन्हींकडून पैसे घेतलेला मालक पुष्कळदा समन्स लागूनही हजर होत नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होतो, आणि ज्यांनी एकमेकांचे काहीही वाकडे केलेले नाही असे दोन खरेदीदार पुढची कित्येक वर्षे एकमेकांशी भांडत बसतात.

या दोघांचे हक्क नेमके काय, याबद्दल सुशिक्षित माणसांतही विलक्षण गोंधळ आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ स्पष्ट सांगते की विक्रीच्या कराराने, म्हणजेच साठेखताने, त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा बोजा आपोआप निर्माण होत नाही. मालकी खरेदीखतानेच जाते. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी कागदांची जुडी करून जमीन ‘विकण्याची’ जी पद्धत ठिकठिकाणी पडली होती, तिने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले. एवढे वाचून दुसरा खरेदीदार निश्चिंत होतो, कारण खरेदीखत त्याच्या हातात असते. पण त्याच अधिनियमाचे कलम ४० आणि विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम १९(ब) ही त्याच्या वाटेत उभी असतात. साठेखताने मालकी जात नसली, तरी मालकावर एक बंधन येते, आणि ते बंधन नंतरच्या खरेदीदाराविरुद्धही बजावता येते. त्यातून सुटका फक्त अशाच खरेदीदाराची होते, ज्याने मोबदला दिला आहे, सद्भावनेने दिला आहे आणि आधीच्या कराराची माहिती नसताना दिला आहे. या सर्व गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. विसार देताना माहिती नव्हती, पण उरलेला भरणा करण्यापूर्वी पहिल्या माणसाची वकिली नोटीस हाती पडली आणि तरीही घाई करून खरेदीखत उरकले, तर सद्भावनेची ढाल तिथेच गळून पडते. आणि हे सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या खरेदीदारावर असतो. त्याला माहिती होती हे दाखवण्याचा भार पहिल्यावर नसतो.

‘माहिती’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ व्यवहारातल्या अर्थापेक्षा बराच विस्तृत आहे, आणि माझ्या मते बहुतेक दावे याच ठिकाणी फिरतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे जी गोष्ट चौकशी केली असती तर कळली असती, ती चौकशी जाणूनबुजून टाळल्यास किंवा ढोबळ निष्काळजीपणा केल्यास माहिती होतीच असे धरले जाते. नोंदणी आवश्यक असलेला दस्त रीतसर नोंदलेला असेल, तर नोंदणीच्या तारखेपासून त्याची माहिती सर्वांना आहे असे मानले जाते. आणि मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला आहे असेही कायदा गृहीत धरतो. हे शेवटचे गृहीतक किती जड पडते हे साक्षीच्या पिंजऱ्यातच पाहावे. दुसरा खरेदीदार सरतपासात शपथेवर सांगतो की मला आधीच्या साठेखताची काहीही कल्पना नव्हती, मी सातबारा पाहिला, तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला, वर्तमानपत्रात नोटीस दिली. उलटतपासात त्याला साधे प्रश्न विचारले जातात : खरेदीपूर्वी जमीन पाहायला गेला होता का? तेव्हा शेतात काय उभे होते? तो ऊस कोणी लावला होता? विहिरीवरची मोटर कोणाच्या नावावर होती? तारेचे कुंपण कोणी घातले, हे मालकाला विचारले का? ‘विचारले नाही’ हे एक उत्तर पुरेसे असते. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या एका निकालात असेच ठरवले. तेथे पहिला खरेदीदार त्या जागेत भाडेकरू म्हणून आधीपासून राहत होता. तो भाडेकरू आहे हे नंतरच्या खरेदीदारांना ठाऊक होते; तरीही त्याचा आणखी काही हक्क आहे का हे त्यांनी त्याला विचारले नाही, म्हणून त्यांचा सद्भावनेचा बचाव टिकला नाही. जमीन घेणाऱ्याने गाव नमुना १२ वरचे पीक पाहणीचे रकाने वाचावेत आणि त्याहीपेक्षा बांधावर जाऊन कसणाऱ्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावे, हे मी प्रत्येक अशिलाला सांगतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली असली, तरी मोबाईलवरची नोंद हा बांधावरच्या चौकशीला पर्याय ठरत नाही.

दावा दाखल झाल्यानंतर जमीन घेणाऱ्याची स्थिती याहून बिकट असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे दावा चालू असताना झालेले हस्तांतरण दाव्याच्या निकालाला बांधील राहते. तेथे सद्भावना, मोबदला, अज्ञान यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच तत्त्व करारपूर्तीच्या दाव्याला लावून नंतरच्या खरेदीदाराचा सद्भावनेचा बचाव फेटाळला. बृहन्मुंबईत मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याखेरीज हे तत्त्व लागू होत नाही. ही दुरुस्ती दूरदृष्टीची होती असे मी म्हणेन, कारण ज्याला निकाल बांधणार आहे, त्याला तो दावा शोधून सापडला पाहिजे, एवढी साधी न्यायबुद्धी तिच्यामागे आहे. गावातील खरेदीदाराला तालुक्याच्या न्यायालयात त्या गटावर दावा चालू आहे की नाही हे कळण्याचा भरवशाचा मार्ग आजही नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकारांच्या नावाने शोध घेता येतो, पण मालकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असले की तो शोध रिकामा परततो.

आता पहिल्या खरेदीदाराकडे वळतो, कारण त्याची बाजू वाटते तितकी भक्कम नसते. त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६(क) प्रमाणे सिद्ध करावे लागते की करारातील आपला वाटा पुरा करण्यास आपण सुरुवातीपासून तयार व राजी होतो. ‘राजी’ म्हणजे मनाची इच्छा आणि ‘तयार’ म्हणजे हातात पैसा, असा हा दुहेरी भार आहे. बँकेच्या पासबुकाची पाने, कर्जमंजुरीचे पत्र, दुसरी मिळकत विकून आलेली रक्कम, असे काहीतरी दाखवावे लागते. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने करारपूर्तीचा हुकूम देणे न्यायालयाच्या मर्जीवर ठेवलेले नाही. अटी पूर्ण झाल्यास तो द्यावा लागतो. पण तयारी व राजीपणा सिद्ध करण्याची अट त्या दुरुस्तीनेही काढलेली नाही. आणि विलंबाकडे न्यायालये आता पूर्वीसारखी सौम्यपणे पाहत नाहीत. स्थावर मिळकतीच्या करारात मुदत हा कराराचा गाभा नसतो, असे जुने सूत्र आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मर्यादा घातली. त्या प्रकरणात सहा महिन्यांची मुदत ठरलेली असताना खरेदीदार अडीच वर्षे स्वस्थ बसला होता, आणि दरम्यान शहरी मिळकतींचे भाव चढत गेले होते. अशा परिस्थितीत मालकाला जुन्या भावात जमीन द्यायला लावणे अन्यायाचे होईल, असे न्यायालयाने म्हटले. किंचित विसार देऊन जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवायची आणि भाव वाढला की दावा लावायचा, असे करणारे खरेदीदारही आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या गरजवंतांच्या दाव्यांकडे संशयाने पाहिले जाते, हेही इथे लिहिले पाहिजे.

दुसऱ्या खरेदीदाराच्या हातात एक हत्यार असते, जे त्याच्या वकिलाने कैफियतीत (दाव्याच्या लेखी उत्तरात) न विसरता घालायला हवे. पहिला माणूस तयार व राजी नव्हता हा आक्षेप केवळ मूळ मालकालाच घेता येतो, असे १९९५ च्या एका निकालामुळे काही काळ मानले जात होते. २००० साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत मोडीत काढले. मालक गैरहजर राहिला किंवा पहिल्या खरेदीदाराला आतून मिळाला, तरी दुसरा खरेदीदार स्वतंत्रपणे हा आक्षेप घेऊ शकतो. मालक आणि पहिला खरेदीदार यांनी संगनमताने मागील तारखेचे साठेखत तयार करून दुसऱ्याची खरेदी उलथवण्याचा प्रयत्न केल्याची उदाहरणे पाहिली की या निकालाचे मोल कळते. मागील तारखेच्या कागदाची शक्यता नोंदणी नसल्यामुळेच उरते, हा मुद्दा मी पुढे घेणार आहे.

मुदतीचा प्रश्न पुष्कळांना शेवटी दगा देतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ प्रमाणे करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षे, आणि तारीख ठरलेली नसेल तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षे, एवढाच काळ दाव्यासाठी असतो. आमच्याकडे येणाऱ्या विसार पावत्यांवर ‘उर्वरित रक्कम खरेदीखताचे वेळी देण्याची आहे’ एवढेच लिहिलेले असते. तारीख नसते, परवानगी कोणी काढायची हे नसते, मोजणीचा खर्च कोणाचा हे नसते. मग नकार नेमका कधी झाला यावर दोन्ही बाजूंच्या साक्षी होतात आणि गावातल्या मध्यस्थाला पिंजऱ्यात उभे राहून पाच वर्षांपूर्वीचे बोलणे आठवावे लागते.

हुकूमनामा झालाच तर त्याचे स्वरूप काय असावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकाच्या आरंभीच ठरवून दिले आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. विव्हियन बोस यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार नंतरचे खरेदीखत रद्द करण्याची गरज नसते. मूळ करार मालक व पहिला खरेदीदार यांच्यात होता, म्हणून पूर्ती त्या दोघांतच व्हावी. मात्र मालकी आता दुसऱ्या खरेदीदाराकडे असल्यामुळे त्याने त्या खरेदीखतात सामील होऊन आपल्याकडील मालकी पुढे द्यावी, असे त्यात सांगितले आहे. कायद्याच्या दृष्टीने ही योजना सुबक आहे. ज्या माणसाने भावाच्या लग्नासाठी साठवलेले पैसे जमिनीत घातले, विहीर खोदली, पाइपलाइन टाकली, त्याला मात्र न्यायालयाच्या हुकमाने दुसऱ्याच्या नावे सही करायला उभे राहावे लागते. आपण पूर्ण मालक आहोत अशा सद्भावनेने सुधारणा केल्या असतील तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५१ खाली त्यांची किंमत मागता येते, आणि विक्रेत्याने मालकीची जी गर्भित हमी दिलेली असते तिच्या आधारे त्याच्याविरुद्ध नुकसानभरपाई मागता येते. पण विक्रेत्याकडे तोवर काही उरलेले असेल तरच त्या हुकमाच्या दरखास्तीत (अंमलबजावणीत) काही वसूल होणार.

पैशाबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती वकिलांच्याही हातून निसटते. पहिल्या खरेदीदाराने भरलेल्या रकमेपुरता मिळकतीवर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(६)(ब) प्रमाणे बोजा राहतो, आणि तो विक्रेत्याविरुद्ध तसाच त्याच्याकडून हक्क घेणाऱ्यांविरुद्धही असतो. करारपूर्ती नाकारली गेली तरी विसार व भरणा परत मिळण्याची मागणी पर्यायी म्हणून करता येते. परंतु विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम २२ सांगते की ती दाव्यात स्पष्टपणे मागितलेली असली पाहिजे, आणि नसेल तर दावा चालू असताना दुरुस्ती करून ती घालून घ्यावी. ही एक ओळ राहिल्यामुळे जमीनही गेली आणि पैसाही गेला, अशा अवस्थेत न्यायालयाबाहेर पडलेली माणसे मी पाहिली आहेत. त्याउलट, खरेदीदारानेच करार मोडला म्हणून सगळा भरणा जप्त करणेही मालकाला शक्य नसते. विसार म्हणून दिलेली वाजवी रक्कम वगळता, मोबदल्याचा भाग म्हणून घेतलेला पैसा करार अधिनियमाच्या कलम ७४ च्या कसोटीला उतरावा लागतो.

पोलीस ठाण्याचा रस्ता धरणाऱ्यांचे काय होते तेही सर्वांना दिसते. पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ४२० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ हे फसवणुकीसाठी आहे, आणि करार करतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता आले नाही तर निव्वळ करारभंग हा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे. तक्रार अर्जाच्या धाकाने काही व्यवहार मिटतात हे खरे. पण त्यात खेटे घालताना दिवाणी दाव्याची तीन वर्षे निघून गेली, तर ती परत मिळत नाहीत.

एवढे सगळे लिहिण्यामागे माझे एकच म्हणणे आहे. या दाव्यांचे मूळ कोणा एकाच्या अप्रामाणिकपणाइतकेच एका कायदेशीर पोकळीतही आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे ज्या साठेखताने ताबा दिलेला नाही आणि ज्यात फक्त विसार दिल्याचा उल्लेख आहे, त्याची नोंदणी सक्तीची नाही. २४ सप्टेंबर २००१ पासून झालेल्या दुरुस्तीने ताबा दिलेल्या साठेखताला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३अ चे, म्हणजे ताबा टिकवण्याचे, संरक्षण हवे असेल तर नोंदणी आवश्यक केली. पण नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ च्या परंतुकातील (अपवादातील) करारपूर्तीच्या दाव्याची सवलत कायम राहिली, आणि त्यानुसार न नोंदलेले साठेखतही करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून वाचता येते. परिणाम असा की नोंदलेल्या दस्तांच्या सूची क्रमांक दोनमध्ये न दिसणारा, सातबाऱ्यावर नसणारा, नोटरीचा शिक्का मारलेला आणि कपाटात ठेवलेला एक कागद पुढच्या खरेदीदाराच्या नोंदणीकृत खरेदीखताला आव्हान देऊ शकतो. आणि तोच कागद जवळ असलेला पहिला खरेदीदारही, दुसऱ्याला खरोखरच माहिती नव्हती असे ठरले, तर जमिनीवरचा दावा गमावून बसतो. म्हणजे कागद न नोंदवल्याने दोघांपैकी एक निरपराध माणूस नक्की बुडणार, फक्त कोण ते निकालाच्या दिवशी कळणार.

सदनिका घेणाऱ्याला हीच व्यवस्था वेगळे वागवते. रेराच्या (स्थावर संपदा विनियमन व विकास अधिनियमाच्या) कलम १३ प्रमाणे विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची असेल तर आधी लेखी करार करून तो नोंदवावा लागतो, आणि महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानेही कराराची नोंदणी फार पूर्वीच आवश्यक केली होती. शेतजमीन किंवा खासगी भूखंड घेणाऱ्या माणसासाठी असे काहीच नाही. तो अर्धीअधिक किंमत विसार पावतीवर मोजून देतो आणि कायदा त्याला अडवत नाही.

नोंदणी होत नाही याचे एक कारण अज्ञान आहे आणि दुसरे, माझ्या अनुभवाने अधिक मोठे, मुद्रांक शुल्क आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार ज्या साठेखतात ताबा दिला आहे किंवा पुढे देण्याचे ठरले आहे, ते खरेदीखत समजून त्यावर पूर्ण शुल्क द्यावे लागते. विक्रीच्या करारात ताबा कधी ना कधी देण्याचे ठरलेलेच असते. पुढे खरेदीखत झाले की हे शुल्क वजा मिळते हे खरे. पण परवानगी मिळेल की नाही हेही ठाऊक नसताना संपूर्ण शुल्क आधी भरायला सामान्य माणूस तयार होत नाही, आणि व्यवहार फिसकटल्यास परतावा मिळवण्यासाठीच्या अटी व मुदती कडक आहेत. म्हणून तो कमी किमतीच्या मुद्रांकावर विसार पावती करतो. पुढे तीच पावती न्यायालयात हजर झाली की अपुऱ्या मुद्रांकाचा आक्षेप येतो, कागद जप्त होऊन शुल्क व दंड भरण्यासाठी जातो, आणि दावा तिथेच अडकून पडतो. करारपूर्तीचे दावे समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत, फार तर आणखी सहा महिन्यांत निकाली काढावेत असे २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष अधिनियमात आलेले कलम २०क म्हणते. त्यातला बराचसा काळ अशा एकेका आक्षेपातच संपतो.

दस्तांची नोंदणी हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्र विधिमंडळाला राज्यापुरती दुरुस्ती करता येते. उत्तर प्रदेशाने १९७६ साली आणि तामिळनाडूने २०१२ साली विक्रीच्या करारांची नोंदणी सक्तीची केलीच आहे. तामिळनाडूच्या अनुभवातून मात्र धडा घ्यावा लागेल. तेथे नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ मध्ये दुरुस्ती झाली, पण कलम ४९ चे परंतुक हलवले गेले नाही. त्यामुळे नोंदणी सक्तीची असूनही न नोंदलेला करार करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठरवले. महाराष्ट्राने अर्धी दुरुस्ती करू नये. दोन्ही कलमे एकाच वेळी बदलावीत, आणि साठेखतावरील शुल्काचा मोठा भाग खरेदीखताच्या वेळी घेण्याची तरतूद मुद्रांक अधिनियमात करावी; अन्यथा सक्ती कागदावर राहील आणि लोक साध्या हातउसन्या पावत्यांकडे वळतील.

नोंदलेल्या साठेखताची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात व्हावी, ही माझी दुसरी मागणी आहे. साठेखताने हक्क निर्माण होत नसल्याने आज अशी नोंद सर्वसाधारणपणे केली जात नाही. त्यामागचे तर्कशास्त्र मला समजते, पण खेड्यातला खरेदीदार सूची दोन पाहण्यापूर्वी सातबारा पाहतो, आणि दुय्यम निबंधकाची माहिती ई-फेरफाराने महसूल कार्यालयाकडे जातच असते. मालकी न दर्शवता केवळ ‘अमुक तारखेचे साठेखत नोंदलेले आहे’ एवढा शेरा पुरेसा आहे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा जसा तिथे दिसतो, तसा हाही दिसावा.

यावर मालकांच्या बाजूने एक रास्त आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. नोंदलेले साठेखत फिसकटले की ते सूचीत कायमचे राहते. खरेदीदार रद्दलेखावर सही करत नाही, किंवा सहीसाठी पैसे मागतो, आणि मालकाला ती जमीन दुसऱ्याला विकता येत नाही, मग दस्त रद्द करून घेण्यासाठी त्यालाच विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३१ खाली दावा लावावा लागतो. म्हणून प्रत्येक साठेखतात पूर्तीची तारीख लिहिणे बंधनकारक करावे. त्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत संपेपर्यंत खरेदीदाराने दावा लावून त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली नाही, तर मालकाच्या अर्जावरून आणि खरेदीदाराला नोटीस बजावून सूचीत व सातबाऱ्यावर ‘मुदत संपली’ असा शेरा घालण्याची तरतूद असावी. परवानगीवर अवलंबून असलेल्या वर्ग दोनच्या जमिनींसाठी परवानगीच्या अर्जाची तारीख आणि तो अर्ज कोणी करायचा हे साठेखतातच नमूद करणे आवश्यक ठरवावे.

हे सर्व लागू करताना आज लोकांच्या घरात पडून असलेल्या जुन्या साठेखतांचे काय, हा प्रश्न उरतो. त्यांना एका फटक्यात निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल. अंमलाची तारीख पुढची ठेवावी, त्या तारखेपूर्वीची न नोंदलेली साठेखते जास्तीचा दंड न आकारता नोंदवण्यासाठी एक वर्षाची सवलत द्यावी, आणि विक्रेता सही द्यायला येत नसेल तर खरेदीदाराने एकट्याने शपथपत्रासह आपल्या साठेखताची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी, अशी सोय त्या वर्षापुरती ठेवावी. सूचना खोटी निघाल्यास शपथपत्रावरील खोटेपणाबद्दल कारवाईची तरतूद त्याच कलमात असावी.

आपला,
दिवाणी न्यायालयात काम करणारा एक वकील